लंडनच्या फुटी क्लबचा एक हंगाम: खेळ अव्वल, माणसं अव्वल, खांब रद्दी

फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा, उपांत्य सामना आम्ही ५७–६१ असा हरलो आणि तो एका वाकलेल्या प्लास्टिकच्या खांबामुळे हरलो. हंगामाचा हा अनुभव मी जूनमध्येच लिहायला घेतला होता. अर्धा लिहून ठेवून दिला होता, आज पुरा करतोय.

क्लबचं नाव देत नाही, कारण माणसांवर माझा राग नाही. दक्षिण लंडनमधला हौशी क्लब. निम्म्याहून जास्त ऑस्ट्रेलियन, बाकी इंग्लिश, आयरिश आणि माझ्यासारखा एखादा नाशिककर. लीग म्हणजे आताची एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) लंडन, जी १९८९ मध्ये ब्रिटिश ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल लीग या नावाने स्थापन झाली. नियम माहीत आहेत असं धरून चालतो. ज्यांना नाहीत त्यांना एवढं पुरे: मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू गेला की गोल, ६ गुण. उंच खांब आणि बाजूचा आखूड खांब यांच्या फटीतून गेला की बिहाइंड, १ गुण. आणि उंच खांबाला नुसता घासून गेला, तरी १च.

जूनमध्ये लिहिलेलं

वर्गणी दोनशे पौंडांच्या वर आहे. भरताना हात आखडला होता, हे खरं. त्यात मैदानाचं भाडं, पंचांचं मानधन, विमा आणि बिनबाह्यांची जर्सी येते. बूट आणि दातांचं गार्ड आपलं आपण. गार्डवर पैसे वाचवू नका, दाढ बसवायला इथे काय लागतं ते दंतवैद्याला विचारा.

शिकवतात मात्र मनापासून. ड्रॉप पंट ही या खेळाची मुळाक्षरं. चेंडू उभा धरायचा, वर न उडवता पायाच्या रेषेत सोडायचा. पाय नेमका लागला की तो मागे गरगरत जातो आणि समोरच्याच्या छातीवर बसतो. पहिले काही आठवडे माझा चेंडू आडवाच जायचा. कप्तान सरावानंतर थांबून फक्त माझ्या हाताकडे बघत उभा राहायचा. "पाय ठीक आहे, हात उशिरा सुटतोय," एवढंच सांगायचा. जूनमध्ये इथे नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, त्यामुळे ऑफिसनंतरही भरपूर उजेड मिळतो.

हाताने फेकायला बंदी आहे. एका तळहातावर चेंडू ठेवून दुसऱ्या मुठीने ठोसा द्यायचा. क्रिकेट खेळलेल्या हाताला हे पटकन जमत नाही. पण क्रिकेटवाल्याला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून येते, ती म्हणजे मार्क. किमान १५ मीटर लांबून किक होऊन आलेला चेंडू तुम्ही स्वच्छ झेलला, की तो तुमचा. कुणी अंगावर यायचं नाही, निवांत किक घ्यायची. लॉंग ऑनला उभं राहून उंच झेल घेतलेल्या माणसासाठी हा नियम म्हणजे पर्वणी. हे काही योगायोगाने झालेलं नाही. टॉम विल्स हा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाचा नामांकित क्रिकेटपटू. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग सुटू नये म्हणून फुटबॉल क्लब काढा, असं पत्र त्याने १८५८ मध्ये वर्तमानपत्राला लिहिलं आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम कागदावर आले. कबड्डी खेळलेल्यांनाही सांगतो, तुमची कमरेची पकड इथे चालते. खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर धरा, मात्र पाठीत ढकलू नका.

मैदानाची गोष्ट वेगळी. लंडनमध्ये १३५ मीटर लांबीचं अंडाकृती मैदान भाड्याने कोण देणार? म्हणून उन्हाळ्यात रिकामी पडलेली रग्बीची दोन मैदानं शेजारी-शेजारी घेतात आणि त्यांच्यावर आडवं खेळतात. रग्बीचे खांब भलत्या बाजूला येतात, त्यामुळे आपले खांब आपण आणायचे. पीव्हीसीचे नळ, एकात एक बसणारे तीन तुकडे, तळाला जमिनीत रोवायचा खिळा. एकूण आठ. लावायला पाऊण तास जातो. जूनमधलं माझं मत: खांब तकलादू आहेत, पण चालतील. क्लबला पाचपैकी साडेचार.

आता, ऑगस्टमध्ये

मत बदललं आहे.

जूनमध्ये खांब उभे राहायचे, कारण जमीन ओली होती. जुलैत पाऊस गेला आणि इथली चिकणमाती भाजलेल्या विटेसारखी झाली. खिळा चार बोटंही आत जाईना. वारा आला की उंच खांब आतल्या बाजूला झुकायचे. मी समितीला लिहिलं, पुन्हा लिहिलं. "बघतो" असं उत्तर आलं. मग जोड तडकला. विक्रेत्याकडे हमीची मागणी केली, तर त्याने कळवलं की बाहेरच्या सततच्या वापराने झालेलं नुकसान हमीत बसत नाही. मैदानात रोवायचे खांब मैदानातच वापरणार ना? तिसऱ्या ईमेलनंतर तो उत्तरच देईना. शेवटी जोडाला चिकटपट्टी गुंडाळून आम्ही उपांत्य फेरी खेळलो.

चौथ्या क्वार्टरची शेवटची मिनिटं. आमच्या फॉरवर्डने तीस मीटरवरून अवघड कोनातून किक मारली. मी पाच पावलांवर होतो. चेंडू आत होता. पण खांब वरच्या टोकाला हातभर आत वाकलेला होता, त्याला चेंडू घासला. गोल पंचाने एकच झेंडा फडकवला, म्हणजे गोल नाही, बिहाइंड. नियमाप्रमाणे त्याचं बरोबर होतं, त्याच्यासमोर जे होतं त्यावरच त्याने निर्णय दिला. आमचे ८ गोल, ९ बिहाइंड. त्यांचे ९ गोल, ७ बिहाइंड. तो खांब सरळ असता तर आमचे ६२ झाले असते आणि आम्ही फायनलला असतो.

त्या रात्री मी खजिनदाराशी भांडलो. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने जे सांगितलं ते मला हंगामभर कुणी सांगितलं नव्हतं. आधी जमिनीत लोखंडी नळीची खोबणी ठोकून तिच्यात खांब बसवायचे, वर तीन बाजूंनी दोरीचे ताण द्यायचे. ही सगळी व्यवस्था एका गड्याने स्वतःच्या हातांनी केली होती. मागच्या हिवाळ्यात त्याचा व्हिसा संपला आणि तो घरी परतला. नळ्या कुठे ठेवल्यात हे त्यालाच ठाऊक.

ऑस्ट्रेलियन तरुण इथे ज्या व्हिसावर येतात तो दोन वर्षांचा, वाढवून तीन. या वर्षी ज्याच्याकडून किक शिकलो, तो कप्तानही ऑक्टोबरात निघतोय. असा क्लब दर तीन वर्षांनी जवळजवळ नव्याने भरतो. जाणाऱ्यांबरोबर हातातलं कसब जातं, मागे प्लास्टिक उरतं. मला खरा त्रास याचा झाला. १९१६ च्या ऑक्टोबरात, महायुद्ध चालू असताना, पश्चिम लंडनच्या क्वीन्स क्लबवर ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या दोन संघांनी हा खेळ खेळून दाखवला होता. या शहरात परक्या मैदानावर आपला खेळ मांडणं या लोकांना नवं नाही. मग खांब कसे रोवायचे ते एका कागदावर लिहून ठेवायला काय हरकत होती?

माणसांबद्दल मात्र एक शब्द वाईट लिहिणार नाही. खांदा निखळला तेव्हा प्रतिस्पर्धी संघातल्या नर्सने मला रुग्णालयात नेलं आणि एक्स-रे होईपर्यंत तिथेच थांबली. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मेलबर्नची ग्रँड फायनल, म्हणजे तिकडच्या एएफएलचा अंतिम सामना, इथल्या वेळेने पहाटे साडेपाचला सुरू होते. ती बघायला येण्याचं बोलावणं हरलेल्या दिवशीच आलं. मी जाणार आहे.

वार्षिक सभेसाठी मी ठराव लिहून दिलाय: हंगामाच्या शेवटच्या मेजवानीचा खर्च निम्मा करा, ॲल्युमिनियमचे आठ खांब घ्या, खोबण्या नव्या करा आणि कामाची यादी दोन जणांकडे ठेवा. त्यातला एक कायम इथे राहणारा हवा. ते काम मी घ्यायला तयार आहे. खजिनदाराने ठरावाला अनुमोदन दिलंय.

तूर्त पाचपैकी साडेतीन. पुढच्या वर्षीची वर्गणी ठराव मंजूर झाल्यावरच भरणार.