एआय प्राइम 16 एचडी: दोन फुटी प्रवाळ-टाकीवर दीड वर्ष

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी 24 इंच लांब, 18 इंच रुंद आणि 18 इंच उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. काठोकाठ भरली तर तीत सुमारे 127 लिटर पाणी मावेल. खडक आणि वाळू वजा केल्यावर शंभरेक लिटर उरते. या टाकीवर गेले दीड वर्ष अ‍ॅक्वाइल्युमिनेशन कंपनीचा प्राइम 16 एचडी हा एलईडी दिवा आहे. दिवा उत्तम आहे आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन. मात्र तो किती उंचीवर लावायचा, तेज किती ठेवायचे आणि ते किती दिवसांत वाढवायचे, हे ठरवण्यात खरेदीपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला, म्हणून त्याविषयीच जास्त लिहितो आहे. भारतात दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे आणि ती घरी बाळगता येत नाहीत. पुढचे सगळे वर्णन अमेरिकेत टाक्यांमध्येच वाढवून विकल्या जाणाऱ्या प्रवाळांच्या तुकड्यांचे, म्हणजे इथल्या बोलीतल्या ‘फ्रॅग’चे आहे.

प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याचे बरेचसे पोट त्याच्या पेशींमध्ये राहणाऱ्या एकपेशीय शैवालावर चालते. हे शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते, निळा खोलवर पोहोचतो. या शैवालातील हरितद्रव्ये आणि पेरिडिनिन हे रंगद्रव्यही निळ्या आणि निळ्या-हिरव्या पट्ट्यातला प्रकाश चांगला टिपतात. म्हणून प्रवाळ-टाकीवरचे दिवे निळे असतात. प्राइममध्ये जांभळा, गडद निळा, निळा, पांढरा, हिरवा, तांबडा असे रंग वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. मी निळे-जांभळे रंग वर ठेवतो, पांढरा त्यांच्या चौथ्या हिश्शाने आणि हिरवा-तांबडा केवळ डोळ्याला टाकी नैसर्गिक दिसावी इतपत. संध्याकाळी पांढरा मावळून नुसता निळा उरतो, तेव्हा झोअँथस या चकत्याचकत्यांच्या प्रवाळाच्या तोंडांची हिरवी कड आणि मधला केशरी ठिपका आतून पेटल्यासारखे दिसतात. प्रवाळांतील प्रतिदीप्त प्रथिने निळा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत टाकतात, त्याचा तो परिणाम आहे.

दिव्याचे नियंत्रण मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून होते. अ‍ॅप सोपे आहे, परंतु त्यातील टक्केवारीने नवखा माणूस हमखास फसतो, कारण ‘60 टक्के’ हा आकडा दिव्याला किती वीज मिळते ते सांगतो. प्रवाळापर्यंत किती प्रकाश पोहोचला याचा त्यात पत्ता नसतो. त्यातून या दिव्यात एका रंगाची न वापरलेली वीज दुसऱ्याकडे वळवण्याची सोय आहे, त्यामुळे एखाद्या रंगाचा आकडा शंभराच्या पुढेही जातो. दुसऱ्या कोणाच्या टाकीवरची टक्केवारी जशीच्या तशी उचलली, पण आपला दिवा त्यांच्यापेक्षा चार इंच खाली असला, तर सारे गणित बदलते.

माझ्याकडून नेमके हेच झाले. आधीच्या दिव्याला निळ्या आणि पांढऱ्या रंगांसाठी दोन गोल बटणे होती आणि त्याचा प्रकाश मी कधी मोजला नव्हता. प्राइम आला त्या दिवशी ओळखीच्या एका गृहस्थांची मांडणी उतरवून घेतली आणि तेज थेट 70 टक्क्यांवर ठेवले. पाचव्या दिवशी हॅमर प्रवाळाचे मांसल हात, जे एरवी दुपारी खडकावर ओसंडून वाहत, ते सांगाड्याच्या कडांच्या आत ओढले गेले होते आणि त्यांचा तपकिरी-हिरवा रंग उडून कातडी दुधाळ झाली होती. प्रकाश झेपेनासा झाला की शैवालावर ताण येतो आणि ते प्रवाळातून बाहेर पडते. मी ते प्रवाळ उचलून वाळूवर सावलीत ठेवले आणि तेज 30 टक्क्यांवर आणले. रंग पूर्ववत व्हायला अडीच महिने लागले. ते अडीच महिने मला फार जड गेले, कारण जिवाची चूक काहीच नव्हती.

त्यानंतर प्रकाश मोजणारा मीटर आणला. इथल्या हौशी मंडळाकडे अपोजी कंपनीचा एमक्यू-510 आहे आणि सभासदांना तो आठवडाभर वापरायला मिळतो. हा मीटर दिव्याहून महाग आहे, म्हणून विकत न घेता मिळवता आला तर तसाच मिळवावा. 400 ते 700 नॅनोमीटरमधल्या प्रकाशाचे किती कण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, ते तो मायक्रोमोलमध्ये दाखवतो. या मोजमापाला बोलीत ‘पार’ म्हणतात. पाण्याखाली मीटरचा आकडा बदलतो, त्याची दुरुस्ती त्यात आधीच केलेली असते. लक्स मोजणारा स्वस्त मीटर किंवा फोनवरचे अ‍ॅप इथे उपयोगाचे नाही, कारण लक्स हे एकक मानवी डोळ्याला सर्वाधिक जाणवणाऱ्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला झुकते माप देते आणि निळ्याला अगदी थोडे मोजते.

पाण्यापासून 9 इंचांवर दिवा आणि निळे रंग साधारण 60 टक्के, अशा मांडणीत मधल्या खडकाच्या माथ्यावर 190, खडकाच्या कमरेशी 120, दिव्याखालच्या वाळूवर 70 आणि मागच्या कोपऱ्यांत जेमतेम 35 असे पारचे आकडे आले. एकाच टाकीत पाचपटींहून अधिक फरक! दिवा एकच आणि लहान असल्याने प्रकाश एका ठिकाणाहून येतो, खडकाच्या पुढे आलेल्या फळीखाली काळोखी सावली पडते. मऊ प्रवाळांना 50 ते 100, हॅमर-टॉर्चसारख्या मांसल प्रवाळांना 75 ते 150 आणि अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्या फुटणाऱ्या दगडी प्रवाळांना 200 च्या पुढे, असा ढोबळ हिशेब हौशी लोक धरतात. त्याप्रमाणे कोपऱ्यांत कमी उजेडातही भागणारे डिस्कोसोमा हे मऊ प्रवाळ, कमरेला हॅमर आणि माथ्यावर माँटिपोरा या दगडी प्रवाळाचा एक तुकडा लावला. मला तर दिव्याला टाकीसारखे करण्यापेक्षा दिव्याने आखलेल्या या नकाशावर प्रवाळांना जागा देणे अधिक शहाणपणाचे वाटते.

तरीही आकडे म्हणजे सीमारेषा नव्हेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोकावलेल्यांना ठाऊक असेल की तिथले पाणी बऱ्याचदा गढूळ असते, आणि तरी तिथे प्रवाळे आहेत. मिळेल त्या प्रकाशाशी प्रवाळ जुळवून घेते, कमी प्रकाशात शैवाल आणि रंगद्रव्य वाढवते, म्हणून तर अंधाऱ्या टाकीत ते तपकिरी होते. त्याला लागतो तो वेळ. अ‍ॅपमध्ये यासाठी एक सोय आहे, जी मी पहिल्या दिवशी वापरायला हवी होती: सुरुवातीचे तेज आणि दिवसांची संख्या दिली की दिवा रोज किंचित वाढत जातो. नवा फ्रॅग आला की आता मी त्याला आधी वाळूवर ठेवतो आणि तीन-चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वर नेतो.

तासही मोजावे लागतात. 150 मायक्रोमोल प्रकाश 8 तास राहिला तर दिवसाची बेरीज 4.32 मोल होते, तोच 12 तास ठेवला तर 6.48, तेजाला हात न लावता दीडपट प्रकाश. मी पूर्ण तेज 8 तास आणि आधी-नंतर दोन-दोन तास चढ-उतार ठेवतो.

अडीचशे डॉलरच्या आसपास मिळालेला हा दिवा दोन फुटी टाकीत मऊ आणि मांसल प्रवाळांसाठी पुरेपूर आहे. अ‍ॅक्रोपोराने भरलेली टाकी करायची असेल किंवा टाकी चार फुटी असेल, तर एकट्या प्राइमवर भागणार नाही. दोन किंवा अधिक दिवे घ्यावेत, म्हणजे सावल्याही कमी होतील. पाणी उडून खालच्या भिंगावर मिठाचा पातळ पापुद्रा चढतो, तो दर महिन्याला शुद्ध पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसावा. एकदा पुसण्याआधी आणि नंतर त्याच जागी मीटर धरला, तेव्हा 142 चे 158 झाले होते. तेव्हापासून भिंग पुसले की त्या आठवड्यापुरते तेज दोन-चार टक्के उतरवून ठेवतो.