जुन्या फॅनकसाठी यूएसबी-सीरियल केबल: एफटीडीआयला जादा पैसे द्यावेत का?

भोसरी, सातपूर, शिरोलीच्या शेडमध्ये फॅनक कंपनीच्या झिरो-एम किंवा झिरो-आय कंट्रोलवर (मशीन चालवणारा संगणक) चालणाऱ्या व्हीएमसी, म्हणजे उभ्या मिलिंग मशीन, अजून रोज जॉब काढतात. त्यांना प्रोग्राम पाठवायला लागणारा नऊ पिनांचा सीरियल पोर्ट (आरएस२३२) असलेला नवा लॅपटॉप मात्र शोधून सापडत नाही. मग यूएसबी-आरएस२३२ केबल आली. बाजारात मुख्यतः तीन चिपांचा माल दिसतो: सीएच३४०, प्रोलिफिकची पीएल२३०३ आणि एफटीडीआयची एफटी२३२आर. अशा सीएनसी (संगणकनियंत्रित) मशीनसाठी घ्यायची तर तिसरीच, जादा पैसे मोजून.

वेगाचा इथे प्रश्नच नाही. फॅनकचं नेहमीचं सेटिंग ४८०० बॉड (सेकंदाला ४८०० बिट), ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडणारा एक बिट), २ स्टॉप बिट. सुरुवातीचा एक स्टार्ट बिट धरून एका अक्षराला ११ बिट, म्हणजे सेकंदाला ४३६ अक्षरं. एवढं कुठलीही चिप करते. खरी परीक्षा ड्रिप फीडला, म्हणजे मशीन चालू असतानाच प्रोग्राम थोडा थोडा पाठवताना. कंट्रोलचा बफर (आलेली अक्षरं साठवायची जागा) भरत आला की तो एक्सऑफ, म्हणजे ‘थांबा’ असा इशारा पाठवतो आणि त्यानंतर जेमतेम दहा अक्षरं सहन करतो. स्वस्त केबलमध्ये हा एक्सऑफ यूएसबीवरून विंडोजपर्यंत जातो, मग ड्रायव्हर थांबतो, आणि तोवर चिपमध्ये आधीच उतरलेली अक्षरं निघून गेलेली असतात. अलार्म ०८७, बफर ओव्हरफ्लो. एफटी२३२आर एक्सऑफ स्वतः ओळखते आणि तिथल्या तिथे थांबते. अर्थात लॅपटॉपवरून प्रोग्राम पाठवणाऱ्या डीएनसी सॉफ्टवेअरमध्ये फ्लो कंट्रोल एक्सऑन/एक्सऑफ निवडलेला हवा, नाहीतर चांगली चिपही काही करू शकत नाही.

केबल लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जा. लेटन्सी टायमर (आलेला डेटा लॅपटॉपला देण्याआधी चिप थांबते तो वेळ) १६ मिलिसेकंद असतो, तो १ किंवा २ करा. जुनी सॉफ्टवेअर कॉम१ ते कॉम४ एवढेच पोर्ट ओळखतात, तेव्हा नंबर तिथेच बदलून घ्या. ‘सीरियल एन्युमरेटर’ची टिक काढा. ही टिक राहिली आणि केबलला सतत आकडे पाठवणारा वजनकाटा जोडलेला असेल, तर विंडोज त्यालाच माउस समजतं आणि कर्सर स्क्रीनभर नाचतो. यूएसबीचं पॉवर सेव्हिंगही बंद ठेवा.

निम्म्या तक्रारींचं मूळ चिपमध्ये नसून पुढच्या वायरिंगमध्ये असतं. नऊ पिनी बाजूची २ नंबरची पिन पंचवीस पिनीच्या २ ला, ३ ची ३ ला, ५ ची ७ ला. फॅनककडच्या कनेक्टरमध्ये ४-५ एकत्र आणि ६-८-२० एकत्र जंपर करा (तारेच्या तुकड्याने जोडा). हा दुसरा जंपर सुटला की अलार्म ०८६, डीआर सिग्नल ऑफ. सगळ्या २५ पिना सरळ जोडलेली तयार केबल इथे अजिबात लावू नका: फॅनकच्या २५ नंबर पिनवर २४ व्होल्ट असतात. अलार्म ०८५ आला तर बॉड, पॅरिटी, स्टॉप बिट दोन्हीकडे पडताळा. झिरो-आयवर चॅनेल ० असेल तर पॅरामीटर १०३ मध्ये १० म्हणजे ४८००, ११ म्हणजे ९६००.

पीएल२३०३ची जुनी किंवा नकली चिप असेल तर नव्या ड्रायव्हरवर ‘फेज्ड आउट सिन्स २०१२’ असा संदेश येतो आणि पोर्ट उघडतच नाही. सीएच३४० वजनकाट्याला चालते, फक्त यूएसबीचं भोक बदललं की कॉम नंबरही बदलतो.

एफटीडीआयचीही नक्कल भरपूर आहे. २०१४ मध्ये कंपनीच्या ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकला, आणि २०१६ मधल्या ड्रायव्हरने डेटाच्या जागी ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड’ असं वाक्य पाठवायला सुरुवात केली. जी-कोडच्या (मशीनच्या प्रोग्रामच्या) मधोमध असलं काही जाणं परवडणारं नाही. त्यामुळे अधिकृत वितरकाकडूनच घ्या. दुकानातच दोन चाचण्या होतात: २ आणि ३ पिन शॉर्ट करून पुट्टी या टर्मिनल सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं की अक्षरं परत दिसली पाहिजेत; शॉर्ट काढून मल्टिमीटरवर ३ आणि ५ मध्ये उणे ५ ते उणे ९ व्होल्ट आले पाहिजेत. शून्याच्या वर आकडा दिसला तर ती केबल परत करा.

उणीव एकच, पण महागात पडणारी: केबलमध्ये आयसोलेशन (दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवण्याची सोय) नाही. मशीन आणि लॅपटॉपच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर कंट्रोलचा पोर्ट जळू शकतो. जोडताना-काढताना मशीन बंद ठेवा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा, आणि केबल कायमची लावून ठेवायची असेल तर मध्ये ऑप्टो-आयसोलेटर बसवा. लांबी वाढवायची झाली तर सीरियल बाजूला वाढवा, १५ मीटरपर्यंत; यूएसबी बाजू एक-दीड मीटरचीच बरी.