एसबी६०० चा ६४-बिट डीएमए: सरसकट बंद करावा की बोर्डापुरता चालू ठेवावा?

एटीआयच्या एसबी६०० या मदरबोर्डवरच्या चिपमधला साटा कंट्रोलर (डिस्क जोडणारा भाग), पीसीआय ओळख १००२:४३८०, आपल्या क्षमता सांगणाऱ्या कॅप रजिस्टरच्या ३१व्या बिटमध्ये ६४-बिट डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता ४ जीबीच्या वरच्या रॅमशीही थेट देवाणघेवाण, जमत असल्याचं सांगतो. प्रत्यक्षात सगळ्या बोर्डांवर तो भरवशाचा नाही. बफर ४ जीबीच्या वर गेला की कमांड टाइमआउट होऊ शकते. डेटा गुपचूप बिघडला तर त्याहून वाईट. रॅम नेमकी ४ जीबी असली तरी धोका आहेच, कारण पीसीआय उपकरणांच्या पत्त्यांसाठी जागा सोडताना बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) थोडी रॅम ४ जीबीच्या वर सरकवू शकतो. २ जीबीवाल्यांना यातलं काहीच करायची गरज नाही.

स्वतःचा ड्रायव्हर किंवा जुना कर्नल सांभाळणाऱ्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली, चिपवर सरसकट ३२-बिटची सक्ती. कॅप वाचल्यावर ३१वा बिट आपल्या प्रतीतून काढायचा आणि डीएमए मास्क (कंट्रोलरला वापरता येणाऱ्या पत्त्यांची मर्यादा) ३२ बिटांचा लावायचा. रजिस्टरमध्ये दुरुस्त किंमत लिहू नका. मूळ वाचलेली किंमत वेगळी जपा, रीसेटनंतर तीच परत लागते. आयओएमएमयू (उपकरणांसाठी पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) नसलेल्या लिनक्सवर वरच्या रॅममधला डेटा मग बाउन्स बफरमधून, म्हणजे ४ जीबीच्या खालच्या मधल्या जागेतून, जातो. हा बफर साधारणपणे ६४ एमबीचा असतो, म्हणजे २ केबीचे ३२७६८ तुकडे. प्रत्येक हस्तांतरणात एक जादा कॉपी होते आणि जोरदार लिखाणात बफर भरू शकतो. तसं झालं तर बूटच्या वेळी तुकडे ६५५३६ करा.

दुसरी, बोर्ड आणि बायोसची तारीख पाहून ३२-बिटच्या सक्तीतून सूट. लिनक्समध्ये आसुस एम२ए-व्हीएमला २६ ऑक्टोबर २००७ च्या किंवा नंतरच्या बायोसवर ६४-बिट मिळतं. त्याआधीच्या ०९०१ आवृत्तीत बिघाड दिसला होता. एमएसआय के९ए२ प्लॅटिनमला तारखेची अट नाही. इथे चूक होते ती तुलनेत. बायोसची तारीख महिना/दिवस/वर्ष अशी येते. ती अक्षरशः ताडली तर १२/०१/२००६ ही १०/२६/२००७ पेक्षा नवी ठरते, आणि जुन्या बायोसवर ६४-बिट चालू होतं. आधी २००७१०२६ असा क्रम लावा, मगच तुलना करा.

तिसरी, बूट पॅरामीटरने रॅम ४ जीबीच्या पत्त्याशी तोडणं. ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही, पण ४ जीबीच्या वरची सगळी रॅम वाया जाते. दोष पत्त्याचाच आहे ना, एवढं ताडून पाहण्यापुरती ही वाट चांगली.

माझा कौल पहिलीला. वेग घटला तर भरून काढता येतो, बिघडलेली फाइल परत येत नाही. सूट फक्त तपासलेल्या बोर्डालाच द्या. तपासणीसाठी रॅमच्या दुप्पट आकाराची फाइल दुसऱ्या कंट्रोलरवरच्या डिस्कवर बनवून तिचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) तिथेच काढा. मग ती एसबी६०० वर कॉपी करा, डिस्क अनमाउंट करून पुन्हा माउंट करा आणि चेकसम जुळवा. कॅशमधूनच वाचलं तर चाचणीला काहीच अर्थ उरत नाही.