मागे न जाणारी गाडी

गेल्या फेब्रुवारीत मी १ लाख ८५ हजार रुपयांना एक जुनी पेट्रोल गोल्फ कार्ट, म्हणजे गोल्फच्या मैदानावर फिरायची छोटी उघडी गाडी, घेतली. आज ती खळ्यात निंबाखाली उभी आहे आणि तिच्या मागच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालतात. गावभर बोभाटा झालेलाच आहे, त्यामुळे लपवायला काही उरलेलं नाही. तरी सविस्तर लिहितोय, कारण आमच्या रावेर-यावल पट्ट्यात असल्या गाडीच्या शोधात असलेले अजून दोघे-तिघे मला माहीत आहेत, आणि त्यातल्या एकाने तर ती दुरून पाहून मलाच विचारलं, "कुठून आणली? आपल्यालाही पाहिजे एक."

केळीवाल्याला गोल्फ कार्ट कशाला, हे बाहेरच्यांना कळणार नाही. आमच्याकडे कापणीला आलेला घड अठरा-वीस किलोचा, चांगला असला तर पंचवीसचा. लागवड सहा बाय पाच फुटांवर. बागेच्या आतून रस्त्यावरच्या गाडीपर्यंत हे घड मजूर खांद्यावर नाहीतर डोक्यावर आणतात. ट्रॅक्टर आत घातला की ठिबकच्या नळ्या चेपतात, पानं फाटतात. घड कुठे घासला की दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग उठतो, आणि व्यापारी नेमका त्या डागावर बोट ठेवून भाव पाडतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे, पण मानांकनाने डाग पुसला जात नाही. नाशिककडच्या एका द्राक्षमळ्यात मी चार फूट रुंदीची, मागे उघडा हौदा असलेली गोल्फ कार्ट ओळींमधून क्रेट वाहताना पाहिली होती. टायर फुगीर, मऊ. तेव्हापासून ती डोक्यात बसली.

मोबाईलवर जाहिरात दिसली: 'गॅस युटिलिटी गोल्फ कार्ट, ओरिजिनल इम्पोर्टेड, क्लबच्या लिलावातली'. आप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "सिलेंडर कुठी बसोतात?" अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात, हे मी त्यांना मोठ्या ऐटीत समजावलं. गाडीबद्दल मला खरोखर माहीत असलेली ही एकच गोष्ट होती, हे नंतर कळलं.

गोडाऊन धुळ्याच्या पुढे, हायवेला लागून. मी आणि माझा मेहुणा भर दुपारी पोचलो. गाडी पिवळ्या भिंतीपुढे धुऊन-पुसून उभी, हिरवा रंग चकचकीत, आणि इंजिन चालू. मालक बोलायला एकदम गोड. मी खान्देशातला म्हटल्यावर त्याने सरळ अहिराणी सुरू केली: "दादा, हाई गाडी एकदम ओरिजनल शे. तुमले खोटं सांगीसन माले काय भेटी?" आम्ही लेवा बोलीवाले, पण अहिराणी कानावर पडली की निम्मं मन तिथेच पाघळतं. बाजूच्या ढाब्यावर त्याने शेवभाजी खाऊ घातली. पैसे देऊ दिले नाहीत. आता हिशेब केला तर ती शेवभाजी मला चांगलीच महाग पडली.

चक्कर मारली. गाडी जोरात पळाली. "पंचेचाळीसचा स्पीड काढते," तो म्हणाला आणि मी खूश झालो. मेहुणा म्हणाला, "दाजी, जरा रिव्हर्स घेऊन बघा ना." सीटखाली पुढे-मागेचा दांडा होता. मी तो ओढला, पण गाडी पुढेच सरकली. मालक हसला. "केबल तुटेल शे. तीनशे रुप्याची वस्तू. परवा तुमना घर पाठाडी देस." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाशिकची पार्टी संध्याकाळी येणार, आधी तुम्ही आलात म्हणून तुम्हाला, वगैरे. हे नाटक आपण सगळ्यांनी प्लॉटच्या व्यवहारात पाहिलेलं आहे. आपल्यावर वेळ आली की मात्र ओळखू येत नाही.

वीस हजार फोनवरून दिले, बाकीचे बँकेतून वळते केले. कागद विचारले तर म्हणाला, असल्या गाडीला आरसी लागतच नाही. हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायला बनवलेली खास गाडी मोटार वाहन धरली जात नाही. पण आरसी नाही म्हणजे चेसिस नंबर टाकून मालक कोण, वर्ष कोणतं, हे पाहण्याची सोयही नाही. मग उरतात तीन कागद: बाहेरून आली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, क्लबने विकली असेल तर त्यांचं विक्रीपत्र, आणि जीएसटीचं बिल. मी तिन्ही मागितले नाहीत. त्याने एक छापील पावती फाडून दिली, मी घडी घालून खिशात ठेवली.

गाडी टेम्पोत चढवताना चार पोरांनी ढकलत चढवली. चालू गाडी फळीवरून चालवत का नेत नाहीत, असं मेहुण्याच्या मनात आलं होतं म्हणे. हे त्याने मला पंधरा दिवसांनी सांगितलं.

घरी आल्यावर आप्पांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. "पुढं तं बैलबी जाते. मांघं कशी जाते, ते पाह्यलं का?" मी म्हटलं, केबल येतेय. सकाळी गाडी चालू करायला गेलो तर पाऊण तास लागला. थंड इंजिन चोकवर धरून, पंधरावीस वेळा चावी फिरवून एकदाचं लागलं, आणि निळसर धूर असा निघाला की गोठ्यातली म्हैस खुंट्याला हिसके द्यायला लागली. तेव्हा आठवलं, मी गोडाऊनवर पोचलो तेव्हा इंजिन आधीच तापलेलं होतं. निघण्याआधी मीच फोन करून कळवलं होतं ना.

तीन दिवस रिकामी, नाहीतर चार-पाच घड घालून चालवली. वळवायला जागा लागायची, कारण मागे घेता येत नव्हती. चौथ्या दिवशी कापणी होती. चौदा घड भरले, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास. नाल्याच्या चढावर अर्ध्यात पोचलो आणि बुडाखाली 'कट्ट' असा आवाज झाला. इंजिन जोरात चालू आणि चाकं मोकळी. गाडी मागे घरंगळायला लागली. अशा गाड्यांना बहुधा मागच्याच दोन चाकांना ब्रेक असतो, तोही केबलवर ओढला जाणारा. मी दोन्ही पाय ब्रेकवर देऊन उभाच राहिलो. गाडी थांबली ती बांधाला मागचं चाक टेकल्यावर. अकरा घड खाली, त्यातले चार नाल्याच्या पाण्यात. मजूर आधी घाबरले, मग मी धड आहे असं पाहून पोट धरून हसले. एक म्हणाला, "भाऊ, आता गेली ना मांघं!"

फैजपूरला पंपाची इंजिनं आणि लेथचं काम करणारा एक मिस्त्री आहे. त्याला बोलावलं. सीट उचलली, इंजिनाकडे दोन मिनिटं पाहिलं, आणि म्हणाला, "हे इंजिन मी आठवड्याला दोन खोलतो. पंपावरचं आहे हे. दोरीचा स्टार्टर काढून वर झाकण मारलंय." मग तो खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

खरा प्रकार असा होता. ती गाडी पेट्रोलची कधी नव्हतीच. मूळची बॅटरीची. बॅटऱ्या आणि मोटार काढून विकल्या, जागेवर पंपाचं इंजिन बसवलं, लेथवर केलेल्या एका कपलिंगने ते मागच्या अॅक्सलला जोडलं. आता बॅटरीच्या गोल्फ कार्टचा रिव्हर्स गिअरमध्ये नसतोच. दांडा फिरवला की मोटारीतला करंट उलटा होतो, मोटार उलटी फिरते आणि गाडी मागे जाते. पेट्रोल इंजिन तसं उलटं फिरत नाही. म्हणून खऱ्या पेट्रोल कार्टमध्ये मागच्या पेटीतच पुढे-मागेचे गिअर दिलेले असतात. माझ्या गाडीत ते गिअरच नव्हते, तर कोणती केबल येऊन रिव्हर्स पडणार होता? दांडा नुसता शोभेचा. चढावर तुटलं ते कपलिंग. मिस्त्रीने त्याचे दोन तुकडे माझ्या हातात दिले. वेल्डिंगवर वेल्डिंग, वरून काळा रंग.

मग मी सीटखालची पेटी नीट पाहिली. हिरव्या रंगाखाली सहा चौकोनांच्या खुणा दिसत होत्या, सहा बॅटऱ्यांच्या. कोपऱ्यात बोट फिरवलं तर पांढरट-हिरवी भुकटी लागली, आणि खालच्या लोखंडी चौकटीला पेचकस टेकवला तर आत गेला. अॅसिडने खाल्लेलं लोखंड, वर पुट्टी. सीटखाली बाजूला वाघाच्या तोंडाचा एक मोठा स्टिकर होता, मला आवडला होता. पोराने नखाने त्याची कड उचलली. आत तीन इंचांचं भोक. चार्जरचं सॉकेट बसायची जागा.

त्यानंतर मी वेड्यासारखी माहिती काढली. ती आधी काढायला हवी होती, पण असो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. बहुतेक पेट्रोल गोल्फ कार्टचं इंजिन उभ्या गाडीत चालू राहत नाही. पेडल दाबलं की सुरू होतं, सोडलं की बंद पडतं. पट्ट्यावर चालणारं एकच यंत्र स्टार्टरचंही काम करतं आणि बॅटरी चार्ज करायचंही. काही अवजड मॉडेलं चावीने सुरू होणारीही असतात, पण उभी कार्ट भकभक करत असेल तर आधी सीट उचला. वेग गव्हर्नर नावाच्या यंत्रणेने बांधलेला असतो, ताशी वीस-पंचवीस किलोमीटर. पंचेचाळीस पळते असं कोणी अभिमानाने सांगितलं तर गव्हर्नरशी खेळ झालाय किंवा इंजिनच दुसरं आहे. क्लब कार नावाच्या कंपनीच्या जुन्या पेट्रोल गाड्यांत कावासाकीची एफई २९० किंवा एफई ३५० इंजिनं सापडतात, यामाहाच्या गाडीत यामाहाचंच इंजिन, ई-झेड-गोच्या अनेक जुन्या गाड्यांत रॉबिनचं. इंजिनावर नाव शोधा, फोटो काढा, पैसे देण्याआधी मिस्त्रीला पाठवा. क्लब कारच्या अनुक्रमांकात सुरुवातीची दोन अक्षरं मॉडेलची आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे असतात. माझ्या गाडीच्या अनुक्रमांकाच्या पट्टीच्या जागी रिबिटांची दोन भोकं होती आणि मधे घासल्याची खूण. आणि जाताना कळवू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावून पाहा. गरम असेल तर चहा पिऊन, गावात फिरून, तास-दोन तासांनी परत या आणि तेव्हा चालू करायला सांगा.

त्या रात्री बायकोने माझ्या खिशातली पावती काढून वाचली. मी इतके दिवस वाचलीच नव्हती. ती मोठ्याने वाचत गेली: "जुनी बॅटरी गाडी, भंगार माल, जसा आहे तसा. विकलेला माल परत घेतला जाणार नाही." खाली माझी सही. ती काही बोलली नाही, पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. तिच्या न बोलण्याचा जास्त त्रास झाला.

मालकाला फोन केला. पहिल्या दिवशी केबल पाठवतो म्हणाला, दुसऱ्या दिवशी तुम्ही ओव्हरलोड केली म्हणाला, तिसऱ्या दिवशी मराठी सोडून हिंदीत बोलायला लागला. मी समक्ष गेलो तेव्हा त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाला, "पावती वाचा. तरी आपले संबंध आहेत, चाळीस हजाराला परत घेतो." एक क्षण मला तेही बरं वाटलं. येताना मेहुणा म्हणाला, "दाजी, तो ती रंगवून पुन्हा कुणाला तरी विकेल." म्हणून दिली नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पण पैसे मी स्वतः, वस्तू पाहून दिले होते. ते तिकडचं काम नाही असं कळलं. पोलिसांत अर्ज दिला, त्यांनी दिवाणी मामला दिसतो म्हटलं. आम्ही अजून 'चारशेवीस' म्हणतो, पण वकील म्हणाले, आता फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. त्यांच्या सल्ल्याने सध्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार तयार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मी ठेवला होता, त्यात 'ओरिजिनल' आणि 'गॅस' हे दोन शब्द स्पष्ट आहेत. पावतीवर 'बॅटरी गाडी' आहे. वकिलांच्या मते ही विसंगतीच आपल्या कामाची, बाकी बघू. कपलिंगचे तुकडे, भुकटी लागलेल्या पेटीचे फोटो आणि मिस्त्रीचा लेखी जबाब फायलीत लावलाय. मिस्त्रीने जबाबाचे पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला, इंजिन तेवढं मला विका, पंपाला बसेल. प्रकरण संपेपर्यंत तेही विकता येत नाही.

परवा रात्री सहज फोन चाळत होतो. नवीन जाहिरात: 'गॅस युटिलिटी गोल्फ कार्ट, ओरिजिनल, एकच मालक'. गाडी निळी, किंमत २ लाख १०. मागे तीच पिवळी भिंत. फोटो मोठा करून पाहिला. सीटखाली, नेमका त्याच जागी, वाघाच्या तोंडाचा स्टिकर.