गुडघ्यासाठी घेतलेली काठी: काठी उत्तम, बूच टाकाऊ

गेल्या आठवड्यात मोरीपाशी ओल्या फरशीवर काठी सरकली. भिंतीला हात लागला म्हणून निभावलं, नाहीतर या वयात खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं. काठी उलटी करून पाहिली तर खालचं रबरी बूच एका बाजूनं पार झिजलेलं, तळाच्या गोल वळ्या गुळगुळीत झालेल्या, आणि रबर फाडून ॲल्युमिनियमच्या नळीची कड बाहेर आलेली. फरशीवर चंद्रकोरीसारखे करडे ओरखडेही दिसले. पावसाळ्यात घेतलेली काठी, अजून उन्हाळा सरला नाही!

दुकानात गेले. "काकू, बूच सुटं येत नाही. नवीन काठीच घ्या, सव्वासहाशेला देतो." धडधाकट काठी रबराच्या तुकड्यापायी टाकून द्यायची? कंपनीला फोन लावला, तर आधी बिल मागितलं आणि मग म्हणे, बूच वॉरंटीत बसत नाही. अहो, वॉरंटी मागतंय कोण? मी पैसे मोजून विकत मागतेय. विकतही नाही. याचा मला फार राग आला, अजून गेलेला नाही. म्हाताऱ्या माणसाचा सगळा भार ज्या दोन बोटं रुंद रबरावर येतो, तेच सुटं ठेवत नसाल तर काठी विकता कशाला?

काठीबद्दल मात्र चांगलंच सांगायचंय. माझा उजवा गुडघा आतल्या बाजूनं झिजलाय, एक्सरेत ग्रेड ३, म्हणजे झिजेच्या चार पायऱ्यांपैकी तिसरी. फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी काठी डाव्या हातात दिली. रस्त्यात भेटेल तो सांगतो, "आजी, दुखतं त्या बाजूला धरा." ऐकू नका. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा डावा हात आपसूक पुढे येतो. त्याच वेळी काठी टेकली की गुडघ्यावरचा भार हात वाटून घेतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

उंची बटणाच्या भोकांवर बदलते. रोजची चप्पल घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. बटणाखालची चकती आवळली नाही तर नळी खुळखुळते, एवढंच.

सुरुवातीला मला ही काठी नकोशी झाली होती. काठीनं चालून जास्तच दम लागायचा, तळहात दुखायचा. ताई म्हणाल्या, महिनाभर धीर धरा. ब्राझीलमध्ये २०१२ साली ६४ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं होतं: पहिल्या महिन्यात काठीनं चालायला जास्त शक्ती लागली, दुसऱ्या महिन्याअखेर तो फरक उरला नाही आणि दुखणं कमी झालं. माझंही तसंच झालं. आता भाजी घेऊन मधे कट्ट्यावर न बसता घरी येते. अर्थात मांडीचे व्यायाम चालू आहेत आणि वजनही थोडं उतरवलंय. एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो, हे कळल्यापासून रात्रीचा भात बंद.

पैशाचंही सांगते. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांना महिन्याकाठी हजारभर रुपये जायचे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्यासाठी या गोळ्या घेऊ नका असं ठामपणे म्हटलंय, आणि चालायला त्रास होत असेल तर काठी वापरा असंही तितक्याच ठामपणे. डॉक्टरांना विचारून गोळ्या थांबवल्या. फरक काही पडला नाही.

शेवटी बूच मिळालं मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीतल्या एका सर्जिकल दुकानात. त्यांनी काठीची नळी मोजली, १९ मिलिमीटर, आणि कुबड्यांना लावतात ते बूच काढून दिलं. चाळीस रुपये. जुनं आणि नवं शेजारी ठेवून दाखवलं: नव्याच्या आत तळाशी पोलादी चकती आहे, जुन्यात नुसतं रबर. चकती नसली की नळीची धार प्रत्येक पावलाला रबर कापत जाते. म्हणजे रबर नुसतं झिजलं नव्हतं, आतूनही कापलं गेलं होतं. कंपनीनं वाचवून वाचवून किती वाचवले असतील, रुपया-दोन रुपये?

नवं बूच ओल्या फरशीवर घट्ट बसतं, आवाजही बसका येतो. दोन जादा आणून ठेवलीत, आणि दर एक तारखेला पेन्शनचं पासबुक काढते तेव्हा काठी उलटी करून बघते. घेणाऱ्यांनी दुकानातच बूच ओढून काढा, आत बोट घालून चकती लागते का बघा, नळीचं माप विचारून बिलावर लिहून घ्या. काठीला पाचपैकी साडेचार. कंपनीच्या बुचाला शून्य.