भोपळ्याला झळाळी, पण आधी गोलाई: चमकणाऱ्या जलरंगांच्या संचाचा महिनाभराचा अनुभव

जलरंग नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी म्हणून विकला जाणारा, बारा चमकणाऱ्या रंगांचा एक संच मी गेला महिनाभर वापरते आहे. डबीत बारा छोटे पॅन (वाळवलेल्या रंगाच्या वड्या), दांड्यात पाणी भरायचा एक ब्रश, पोस्टकार्डाच्या आकाराचे आठ कागद आणि पानगळीच्या दिवसांतला नारिंगी भोपळा चार पायऱ्यांत कसा रंगवावा हे सांगणारी एक घडीपत्रिका एवढे साहित्य आहे. या महिन्यात मी भोपळ्याचीच नऊ चित्रे केली, कारण एकच विषय पुन्हापुन्हा केल्याशिवाय चित्रातले रंगाचे देणे किती आणि आपल्या हाताचे किती हे उमगत नाही. माझे मत आधीच सांगते: रंग उत्तम आहेत, पत्रिका मात्र नवशिक्याला आडवाटेला नेते.

विषयाची निवड अचूक आहे, हे मान्य केले पाहिजे. भोपळ्याचा आकार मोठा आणि सैल असतो. बाह्यरेषा थोडी इकडेतिकडे झाली तरी तो भोपळाच दिसतो. त्याच्या सालीला मुळातच मंद तुकतुकी असते आणि देठापासून बुडापर्यंत उतरणाऱ्या खाचांमुळे उजेड आणि सावली यांचे पट्टे आपोआप आखून मिळतात. चेहऱ्यात किंवा फुलात चमकदार रंग उपरा वाटण्याची भीती असते, ती इथे नाही.

आता रंगांविषयी. या रंगांची चमक धातूची नसून अभ्रकाची असते. अभ्रकाच्या अतिशय पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा थर चढवून हे रंगद्रव्य तयार करतात आणि नेहमीच्या जलरंगांप्रमाणेच ते डिंकात बांधतात. साध्या रंगद्रव्यांचे कण बहुधा एक-दोन मायक्रोमीटरचे (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) किंवा त्याहून लहान असतात. अभ्रकाचे पापुद्रे मात्र साधारण १० ते ६० मायक्रोमीटर रुंद असतात. हा फरक समजून घेतला की या रंगांचा स्वभाव कळतो. पापुद्रे कौलांसारखे सपाट पसरले तरच प्रकाश एका दिशेने परततो आणि लकाकी दिसते. ब्रश घासून ते उलटसुलट केले, तर तोच रंग पिठूळ दिसू लागतो. माझ्या पहिल्या चित्रात उजवीकडची बाजू मी तीनदा ब्रश फिरवून नीट करायला गेले आणि नेमकी तीच बाजू निस्तेज झाली. रंग भरपूर पाण्यात कालवून, ओला थेंब कागदावर हलकेच पसरवून आणि नंतर त्याला अजिबात न छेडता वाळू देणे, हे या रंगांचे पहिले पथ्य आहे. पत्रिकेत त्याचा उल्लेख असता, तर अनेकांचे पहिले चित्र वाचले असते.

पॅनवर दोन-तीन थेंब पाणी टाकून पाचेक मिनिटे थांबले, की वरचा थर सायीसारखा मऊ होतो. या संचातले सोनेरी, तांबूस आणि नारिंगी रंग तर फार सुरेख फुलतात. ओल्या रंगात अभ्रकाचे कण प्रवाहाबरोबर भोवरे घेत फिरताना दिसतात आणि पाणी आटत जाते तसे हळूहळू तळाशी बसतात. ते पाहत बसण्यातही आनंद आहे. हिरवा मात्र फिका आहे आणि काळा म्हणून दिलेला रंग वाळल्यावर करडा दिसतो.

माझा मुख्य आक्षेप इथूनच सुरू होतो. पत्रिकेप्रमाणे पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत चमकणारेच रंग वापरायचे असतात: आधी सोनेरी, मग नारिंगी, खाचांत तांबूस आणि शेवटी कडेला तपकिरी. मी पहिली दोन चित्रे तंतोतंत तशीच केली. दोन्ही चित्रांत रंग झगमगत होते, पण भोपळा चपटा दिसत होता, जणू नारिंगी कागदाचा कातरलेला तुकडा चिकटवला आहे. कारण उघड आहे. वस्तूला गोलाई येते ती गडद आणि फिकट यांच्या अंतरामुळे. चमकणारा रंग कितीही गडद असला, तरी त्यातले पापुद्रे प्रकाश परतवतातच. म्हणून सावलीतला तपकिरीही विशिष्ट कोनातून सोनेरीइतकाच उजळ दिसतो आणि सावली नाहीशी होते. त्यात भर म्हणजे हे रंग कागदात फारसे मुरत नाहीत, वरच बसून राहतात. त्यामुळे दुसरा हात देताना खालचा हात उचलला जातो. दुसऱ्या चित्रात मी नेमकी खाच गडद करायला गेले आणि त्या जागी पांढुरका डाग उघडा पडला. नवशिक्याला अशा वेळी आपलाच हात वाईट आहे असे वाटते, आणि ते मला खरोखर खटकते.

तिसऱ्या चित्रापासून मी क्रम बदलला: सगळी गोलाई साध्या जलरंगांनी उभी करायची आणि चमक फक्त शेवटच्या हातात द्यायची. समोरच्या मधल्या फुगवट्याला सर्वांत रुंद जागा द्यावी आणि दोन्ही बाजूंचे फुगवटे कडेकडे जाताना अरुंद करत न्यावेत. सगळ्या खाचा देठाखालच्या खळग्यात एकत्र आल्या पाहिजेत. नुसत्या पेन्सिलीच्या या सहा-सात वक्र रेषांनीच अर्धा भोपळा उभा राहतो. मग प्रत्येक फुगवटा स्वतंत्रपणे, एक सोडून एक, असा रंगवावा, म्हणजे शेजारचे ओले रंग एकमेकांत शिरत नाहीत. फुगवट्याचा मध्य पिवळा ठेवून, कागद ओला असतानाच कडेने नारिंगी सोडला, की दोहोंची सीमा आपोआप विरघळते. हे वाळल्यावर खाचांमध्ये आणि उजेडाच्या विरुद्ध बाजूला बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग द्यावा, त्यात किंचित अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळावा. निळा हा नारिंगीचा विरोधी रंग असल्यामुळे सावली मळकट न होता थंड आणि खोल होते. देठ सरळ नळीसारखा काढू नये. त्याला उभे कंगोरे असतात आणि तो फळाला मिळतो तिथे पसरट होतो.

हे सगळे पूर्ण वाळल्यावर या संचातला सोनेरी घ्यावा, पातळ करावा आणि फक्त फुगवट्यांच्या उजेडाकडच्या पाठीवर एकेका ओघात ठेवावा. खाचांना हात लावू नये. सहाव्या चित्रात हे पहिल्यांदा नीट साधले. कागद दिव्याखाली जरासा कलता केल्यावर उजेड एका फुगवट्यावरून दुसऱ्यावर सरकत गेला आणि मधल्या खाचा तशाच गडद राहिल्या. या संचाची खरी करामत मला तेव्हा दिसली.

संचातले दोन पॅन पांढरे दिसतात, आणि अनेकांना ते सदोष वाटण्याची शक्यता आहे. ते सदोष नाहीत. त्यांच्या पापुद्र्यांवरच्या थराची जाडीच अशी राखलेली असते, की परतणाऱ्या प्रकाशातून एक ठरावीक रंग उठून दिसतो. माझ्या संचात एकातून निळा आणि दुसऱ्यातून जांभळा दिसतो. पांढऱ्या कागदावर ते जवळजवळ अदृश्य राहतात, काळ्या कागदावर मात्र झळकून उठतात. भोपळ्याच्या चित्रात त्यांची जागा सावलीत आहे: वाळलेल्या गडद खाचेच्या काठावर निळ्या झाकेचा पातळ हात दिला, की समोरून काहीच दिसत नाही आणि बाजूने पाहताच सावलीवर चांदण्यासारखा थर उमटतो. पत्रिकेत या दोन पॅनविषयी एक अक्षरही नाही.

सोबतचे कागद निराशाजनक आहेत. ते पातळ असल्यामुळे पहिल्याच ओल्या हाताला फुगतात, आणि खळग्यांत साचलेल्या पाण्याबरोबर अभ्रकही तिथेच गोळा होते. चौथ्या चित्रापासून मी दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, कमी खरखरीत पोताचा कागद वापरला आणि चमक लगेच एकसारखी झाली. दांड्यात पाणी भरायचा ब्रशही अशा कामाला गैरसोयीचा आहे, कारण नको तेव्हा थेंब सुटतो. आठ क्रमांकाचा गोल ब्रश आणि देठासाठी दोन क्रमांकाचा, एवढे पुरते. साध्या रंगांचे आणि या रंगांचे पाणी मात्र वेगळे ठेवावे, अन्यथा पुढचे आठ दिवस प्रत्येक चित्रात चकाकणारे कण सापडत राहतात.

डबीवर रंगद्रव्यांची नावे दिलेली नाहीत, हा दोष मी गंभीर मानते. अभ्रकाची रंगद्रव्ये स्वतः टिकाऊ असतात. पण त्यांच्या जोडीला एखादा कच्चा रंग मिसळलेला असेल, तर तो उजेडात उडू शकतो, आणि हे ओळखण्याचे साधन खरेदीदाराकडे राहत नाही. म्हणून मी सहाव्या चित्राच्या रंगांच्या पट्ट्या एका कागदावर काढून त्यातला अर्धा भाग झाकला आहे आणि तो कागद खिडकीत लावला आहे.

ज्याच्याकडे साध्या जलरंगांची छोटी पेटी आधीच आहे, त्याने हा संच जरूर घ्यावा. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याने आधी ती पेटी घ्यावी आणि हा संच दोन-तीन महिन्यांनी. महिनाभरात माझ्या सोनेरी पॅनचा तळ दिसू लागला आहे, नारिंगी निम्मा उरला आहे आणि हिरव्याला फक्त देठापुरता ब्रश लागला आहे. सोनेरी पॅन सुटा विकत मिळण्याची सोय उत्पादकाने केली, तर मी पुढच्या वेळी त्याचे दोन नग घेईन.