डॉक्टरांचा कॅमेरा, फक्त 41 हजार क्लिक

2019 च्या अनंत चतुर्दशीची दुसरी सकाळ. गिरगाव चौपाटीच्या ओल्या वाळूत मी गुडघा टेकून बसलो होतो. लालबागचा राजा पाण्याकडे सरकत होता. फ्रेम जुळली, बटण दाबलं, आणि कॅमेऱ्यावर 'एरर' लुकलुकायला लागलं. बॅटरी काढून परत घातली, तरी तेच. व्ह्यूफाइंडरमध्ये मिट्ट काळोख, आरसा वरच अडकलेला. कॅमेरा घेऊन सात आठवडेही झाले नव्हते.

तेव्हा मी एका दैनिकासाठी स्ट्रिंगर म्हणून काम करायचो. जेवढे फोटो छापून येतील तेवढे पैसे. जवळ होता तो निकॉनचा अगदी सुरुवातीचा कॅमेरा, सोबत 18-55 आणि 55-300 या दोन झूम लेन्स. आझाद मैदानातला मोर्चा, हिंदमाताला तुंबलेलं पाणी, पुलाचं उद्घाटन, दिवसाउजेडी सगळं निभायचं. रात्रीच्या कबड्डीला मात्र पंचाईत. लेन्सचं तोंड किती उघडतं ते एफ सांगतो, आकडा मोठा तेवढा उजेड कमी. 55-300 लांबच्या टोकाला एफ 5.6 वर येते, म्हणजे एफ 2.8 च्या एक चतुर्थांश उजेड. चढाईवाल्याचा हात स्थिर पकडायचा तर शटर, म्हणजे आतला पडदा, सेकंदाच्या 1/500 भागात तरी मिटायला हवं. आयएसओ वाढवून उजेडाची कमी भरून काढता येते, पण फोटोत दाणे येतात. जिथे एफ 2.8 वर आयएसओ 6400 ने भागतं, तिथे मला 25600 लागायचा. डेस्कवरून फोन यायचा, "अरे, फोटोत रवा सांडलाय नुसता."

म्हणून ठरवलं, फुल फ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा, लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि 70-200 एफ 2.8 लेन्स घ्यायची, अर्थात सेकंडहँड. बॉडी म्हणून निकॉनचीच डी 750 पक्की केली. 2014 चं मॉडेल, दोन कार्डांची सोय, सेकंदाला साडेसहा फ्रेम, आणि दिवसभर गळ्यात वागवता येईल एवढं वजन. निवड चुकली असं मला आजही वाटत नाही.

जाहिरात एका ॲपवर दिसली. विकणाऱ्याने फोर्टात, बोरा बाजारातल्या एका माडीवरच्या खोलीत बोलावलं. "डॉक्टरांचा कॅमेरा आहे हो. वर्षातून दोनदा ताडोबाला जातात, एरवी कपाटात." मीही अगदीच नवखा नव्हतो. आधीच शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा, मागितला होता. त्याने व्हॉट्सॲपवर मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला होता, कारण साधा फोटो पाठवला की आतली माहिती पुसली जाते. निकॉन प्रत्येक फोटोत क्लिकचा आकडा लिहून ठेवतो. एक्झिफ, म्हणजे फोटोतली ही लपलेली माहिती, उघडून पाहिलं, 41 हजार. डी 750 चं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं असतं. मी खूश.

खोलीत गेल्यावर आधी लेन्स हातात घेतली. मोबाइलचा टॉर्च मागून मारून समोरून पाहिलं. मुंबईच्या दमट हवेत काचेत फंगस धरते, कोळ्याच्या बारीक जाळ्यासारखी. इथे काच लख्ख. तो म्हणाला, "तुम्ही जाणकार दिसता साहेब. लोक नुसतं झूम फिरवून बघतात." झालं, मी फुगलो. माझी सगळी हुशारी त्या लेन्सवरच संपली. बॉडीचं रबर कोरं करकरीत होतं, तेही मला शुभलक्षणच वाटलं. खिडकीतून खालच्या हातगाड्यांचे चार फोटो काढले, तेही त्याच्याच कार्डावर. बॉडी 58 हजार, लेन्स 62 हजार. अर्धे यूपीआयने, अर्धे रोख, कारण रोखीवर दोन हजार सुटत होते. बिल नाही.

चौपाटीवरून जुन्याच कॅमेऱ्यावर काहीबाही काढून पाठवलं. दुसऱ्या दिवशी पेपरात एजन्सीचा फोटो होता.

दुरुस्तीवाल्याने क्लिकचा खरा आकडा सांगितला, 2 लाख 13 हजार. ऑफिसातले एक सीनियर दादा कॅमेरा उलटापालटा करत म्हणाले, "अरे, रबर नवं आणि फ्लॅश बसवायच्या पट्टीचा रंग पार उडालेला. ताडोबात कोण फ्लॅश लावतं? हा लग्नवाल्याचा नाहीतर आपल्यासारख्याचा." तळाच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली होती, तीही त्यांनीच दाखवली. घरी येऊन तो जुना फोटो पुन्हा उघडला. एक्झिफमध्ये बॉडीचा सिरियल नंबरही असतो. तो आणि माझ्या कॅमेऱ्यावर छापलेला नंबर वेगळे होते. खरा फोटो, खरा आकडा, पण दुसऱ्याच डी 750 चा.

दोन लाख क्लिक हा काही गुन्हा नाही. रोज 400 फ्रेम धरल्या तरी प्रेसवाल्याचे वर्षाला दीड लाखाच्या आसपास होतात, आणि शटर काही दीड लाखाला ठरवून मरत नाही. त्याने खरं सांगून 30 हजार मागितले असते तर मी कदाचित घेतलाही असता.

फोन केला तर म्हणाला, "दोन बॉडी होत्या साहेब, चुकून दुसरीचा फोटो गेला." त्यानंतर फोन बंद, खोलीला कुलूप. पोलिसांत अर्ज दिला. पहिला प्रश्न बिलाचा, दुसरा रोख रकमेच्या पुराव्याचा. दोन्हीला माझं उत्तर एकच. शटर बदलायला 17 हजार गेले. लेन्स मात्र आजही उत्तम चालते, हे कबूल करायला हवं.

आता कोणी नवखा मुलगा सेकंडहँड बॉडी घ्यायला निघाला की मी सोबत जातो. आपलं कार्ड, आपला लॅपटॉप. त्याच बॉडीवर, तिथेच, आपण स्वतः काढलेला फोटो. त्यातला सिरियल नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून जुळवायचा, मगच क्लिक बघायचे. निकॉनला हे सोपं आहे. कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये आकडा फोटोत नसतो, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. मग दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील. पैसे खात्यातून, आणि निदान नंबर लिहिलेल्या कागदावर सही.

मागच्या महिन्यात भांडुपच्या एका पोरासोबत असाच गेलो होतो. कार्ड पुढे केलं तर विकणारा म्हणाला, "बॅटरी उतरलीय." मी पिशवीतून भरलेली बॅटरी काढून दिली. त्याने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, परत दिली, आणि कॅमेरा बॅगेत ठेवून चेन लावली.